बुधवार

माझी साप्ताहिक सुट्टी बुधवारी येते.
सबस्टेशनात रविवार जुन्या लोकांचे,
शनिवारांवर आधीच नावं लिहिलेली,
उरतो तो मला.

तर बुधवारी निघालो.
मंजिरीने आख्खी रजा टाकली,
पहाटे उठून तिखटामिठाच्या पुऱ्या लाटल्या.
निषादने घेतली पुठ्ठ्याच्या दोन नळ्यांची दुर्बीण,
चिमीने एक गाजर.
पेंग्विन गाजर खात नाहीत
हे प्रतीक्षानगरपासून भायखळ्यापर्यंत
तिला चार वेळा सांगून झालं.
"माझं खाईल," ती म्हणाली.

राणीच्या बागेचं फाटक बंद.
आत झाडं होती, कावळे होते,
कुठेतरी खराटा चालल्याचा आवाज होता.
वॉचमनने खुर्चीतून न उठता बोट वर केलं.
बोटाच्या टोकाला पाटी:
दर बुधवारी बंद.

मंजिरी माझ्याकडे बघत नव्हती.
तिची न बघण्याची एक पद्धत आहे,
नऊ वर्षांत मला ती वाचता येऊ लागलीय.
"एकदा फोनवर तरी बघायचंस"
हे वाक्य ती बोलली नाही
आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं.

निषादचा खालचा ओठ हलायला लागला.
मी घाईघाईत म्हणालो,
अरे, त्यांनाही सुट्टी असते. बाबासारखी.
त्याने आवंढा गिळला, हिशेब केला.
"मग गेलेत कुठे?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं,
चिमीकडे होतं.
"फिलायला."

मग तिथेच, कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून,
पुऱ्या, लोणचं, कोमट पाणी.
तेलकट बोटांनी दुर्बीण डोळ्यांना लावून
निषाद रस्ता तपासत राहिला.
पांढरा शर्ट, काळा कोट,
स्कूटरवर मागे बसलेला एक पोटाळ वकील
सिग्नलला थांबला.
"एक सापडला!"
मंजिरीला ठसका लागला, हसताना.
मी तिची पाठ थोपटली,
तिने थोपटू दिली.

पहिली आली ती बस पकडली.
दुपारची, अर्धी रिकामी.
चिमीने खिडकी घेतली नाही,
शेजारची जागा हाताने पुसून ठेवली
आणि कुणाला बसू देईना.
कंडक्टर आला. पंच बोटात टकटकवत
रिकाम्या सीटकडे बघत उभा राहिला.
"हे कोण?"
"पेंग्विन."
"उंची किती?"
तिने गाजर उभं धरलं, त्याहून थोडं वर हात नेला.
"मग फुल तिकीट नाही लागत," असं म्हणून
तो पुढे सरकला, चेहरा तसाच,
दिवसातून चार पेंग्विन भेटत असल्यासारखा.

शेवटचा स्टॉप बॅकबे डेपो.
लाल गाड्या ओळीने उभ्या, दारं उघडी,
एकीखालून फक्त दोन पाय बाहेर आलेले,
आणि रेडिओवर कुठलीशी मॅच.
बघण्यासारखं काही नव्हतं.
मुलं अर्धा तास बघत होती.
पाण्याचा पाइप धरलेल्या माणसाने
चिमीच्या चपलांवरही एक फवारा मारला.
डेपोमागून समुद्राचा वास येत होता, समुद्र दिसत नव्हता,
आम्ही तो शोधायला गेलोही नाही.

परतताना दोघं झोपली.
निषाद तिच्या मांडीवर, चिमी माझ्या,
गाजर माझ्या खिशात,
कुरतडलेलं. कुणी कुरतडलं ते विचारलं नाही.
माहीमच्या आसपास मंजिरी खिडकीबाहेर बघतच म्हणाली,
"पुढच्या वेळी मंगळवार मागून बघ."
बघतो, म्हणालो.
दोघांनाही माहीत होतं, मंगळवार पाटलांचा.

सुट्टीचा अभ्यास: आमची सहल, पाच ओळी.
निषादने दोनच लिहिल्या
आणि पेन्सिल कानावर ठेवून उठला.
आम्ही राणिच्या बागेत गेलो.
राणि घरी नव्हती.

मी वही ओढली.
खोडरबर शोधला.
दोन्ही वेलांट्या दीर्घ करून दिल्या,
बाकी सगळं बरोबर होतं.